पेन्शनचा विचार

सिस्टिक फायब्रोसिसबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, कारण हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं आपली डॉक्टर मंडळीसुद्धा कित्येक वर्षं धरून चालली होती. तसं नाहीये, त्याच्याबद्दल पुढे लिहितेच. मी फिजिओथेरपिस्ट, शिक्षण नागपूरचं, आणि आता बरीच वर्षं झाली इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात सीएफच्या युनिटमध्ये काम करतेय (इथे पेशंटपासून प्रोफेसरपर्यंत सगळे सीएफच म्हणतात, मीही तेच म्हणणार). गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर जे झालंय ते एकदा आपल्या भाषेत नीट लिहून काढायचं होतं.

आजार काय ते आधी सांगते. फुप्फुसांच्या नळ्या, स्वादुपिंड, आतडी, घामाच्या ग्रंथी, अशा ठिकाणच्या पेशींवर सीएफटीआर नावाचं एक प्रोटीन असतं आणि मिठातलं क्लोराइड पेशीतून ये-जा करू देणं हे त्याचं काम. मीठ गेलं की त्याच्यामागे पाणी जातं, आणि पाणी असलं की कफ पातळ राहतो. प्रोटीन बिघडलेलं असलं की कफ घट्ट, चिकट, नळीला धरून बसणारा, मग त्यात जंतू घर करतात, औषधांनी थोडे दबतात, पुन्हा वाढतात, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की फुप्फुसं खराब होत जातात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात म्हणून तूप-तेल पचत नाही, मूल पोटभर खातं आणि तरी अंगी लागत नाही. घामाचं मात्र उलटं, तिथे मीठ परत आत घेतलं जात नाही, त्यामुळे घाम प्रचंड खारट. आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडून ह्या प्रोटीनच्या जीनची बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच आली तर माणूस ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

मी इथे कामाला लागले तेव्हा आमचं काम म्हणजे छाती मोकळी करणं. सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझरमधून सात टक्के मिठाचं पाणी, मग श्वासाचे व्यायाम, हफिंग (आरशावर वाफ काढतो तसा तोंड उघडून जोरात श्वास सोडणं), पाठीवर थापट्या, आणि मग बेडके, वाटीत मोजून, रंग बघून. (हे मिठाचं पाणी कसं सापडलं तेही भारी आहे, ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या लक्षात आलं की समुद्रावर सर्फिंग करणाऱ्या सीएफच्या पोरांची छाती बाकीच्यांपेक्षा बरी असते.) एवढं सगळं रोज करायचं, शाळा कॉलेज नोकरी सांभाळून, शिवाय जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल, आणि मधूनमधून दोन आठवडे ॲडमिट होऊन शिरेतून अँटिबायोटिक्स. आणि एवढं करूनही आकडा खाली जातच राहायचा. एफईव्ही-वन म्हणजे एका सेकंदात तुम्ही किती हवा जोरात बाहेर फुंकू शकता तो आकडा, आमच्या क्लिनिकमध्ये पेशंट त्याच्याकडे बारावीच्या निकालासारखे बघायचे.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट, ज्याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही, ती म्हणजे ह्या मुलांना एकमेकांना भेटता येत नाही. एकाच्या छातीतला जंतू दुसऱ्याला धोक्याचा, म्हणून वेटिंग रूममध्येही दोघांना एकत्र बसवत नाहीत, प्रत्येकाला वेगळी खोली. ज्याला तुमचं दुखणं खरंच कळेल असा माणूस भिंतीपलीकडे, आणि त्याच्याशी बोलायचं ते फोनवर.

आम्ही तेव्हा जे करत होतो ते सगळं परिणामांवर होतं, कफ झाला की काढा, जंतू झाले की मारा, अन्न पचत नाही तर एन्झाइम द्या. त्याने आयुष्य वाढलं हे खरंच, १९५० च्या दशकात ही मुलं शाळेत जायच्या वयापर्यंतही क्वचित पोचायची, त्यामुळे त्या कामाला मी कधीच कमी लेखणार नाही. पण मूळ बिघाड होता तिथेच होता.

तो बिघाड नेमका कुठे ते कळलं १९८९ मध्ये. टोरंटोचे लॅप-ची त्सुई आणि जॉन रिऑर्डन, आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स, यांच्या गटांनी सातव्या क्रोमोसोमवरचं जीन शोधून काढलं. सगळ्यात जास्त आढळणारा बदल म्हणजे डीएनएची तीन अक्षरं गळलेली, त्यामुळे १,४८० अमिनो ॲसिड मण्यांसारखी ओवलेल्या त्या प्रोटीनमधून ५०८ नंबरचं एक फेनिलअलानिन गायब. बास, एवढंच. त्याला एफ५०८डेल म्हणतात आणि युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक पेशंटकडे त्याची निदान एक तरी प्रत असते.

एक मणी गेल्याने एवढं काय बिघडतं? तर प्रोटीन म्हणजे नुसती माळ नसते, ती लांब माळ ठरलेल्या क्रमाने घडी पडत पडत आकाराला येते, नऊवारीसारखं म्हणा, कापड पूर्ण आहे, काठपदर सगळं ठीक आहे, पण एक निरी चुकली की कासोटा बसत नाही आणि चार पावलं चालता येत नाही. पेशीच्या आत तयार झालेलं प्रोटीन तपासणारी यंत्रणा असते, तिला ही चुकीची घडी कळते आणि ती ते प्रोटीन पृष्ठभागावर जाऊच देत नाही, आतल्या आत मोडीत काढते. १९९० मध्ये हे कळलं. आणि १९९२ मध्ये आयोवाच्या मायकेल वेल्श यांच्या लॅबमध्ये एक प्रयोग झाला जो मला अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्यांनी या पेशी नेहमीच्या ३७ अंशांऐवजी तिसाच्या खाली, जरा थंडाव्यात वाढवल्या, आणि काही प्रोटीन नीट घडी होऊन वर पोचलं, आणि वर पोचल्यावर थोडंफार कामही करायला लागलं. म्हणजे ते प्रोटीन पूर्ण निकामी नव्हतंच, त्याला घडी पडताना मदत हवी होती. माणसाला थंड करून ठेवता येत नाही हे उघड आहे, पण मग तीच मदत करणारं एखादं रसायन का नसावं, हा प्रश्न तिथून खुला झाला.

त्या काळात सगळ्यांचे डोळे जीन थेरपीकडे लागले होते. जीन सापडलं, आता चांगली प्रत फुप्फुसात सोडायची की झालं. ते काही जमलं नाही, फुप्फुस आपल्या आत काही शिरू नये यासाठीच बनलेलं असतं. मग अमेरिकेतल्या सीएफ फाउंडेशनने, म्हणजे मुळात पेशंटच्या आईवडिलांनी १९५५ मध्ये काढलेल्या संस्थेने, सन २००० मध्ये सॅन डिएगोच्या ऑरोरा नावाच्या छोट्या कंपनीला ४ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. लोकांनी चालून, धावून, केक विकून जमवलेला पैसा एका खासगी कंपनीला. तेव्हा हे फारच धाडसाचं होतं. पुढच्याच वर्षी ऑरोराला व्हर्टेक्स या औषध कंपनीने विकत घेतलं, पण काम थांबलं नाही.

काम काय होतं? पेशीतून क्लोराइड गेलं की रंग बदलेल अशी व्यवस्था टिटो गोन्झालेझ यांनी आधी बसवलेली होती, तिच्यावर यंत्राने एकामागून एक रसायनं टाकून बघायची, दोन लाखांहून जास्त. पॉल नेगुलेस्कू, फ्रेड व्हॅन गूर, सबीन हदिदा ही त्यातली नावं. जी रसायनं आशादायक वाटली ती मग खऱ्या सीएफच्या पेशींवर तपासायची, आणि त्या पेशी कुठून यायच्या, तर ज्या पेशंटचं फुप्फुस प्रत्यारोपण झालं त्यांची काढून टाकलेली फुप्फुसं त्यांनी दान केली होती. फुप्फुसाच्या नळीतल्या पेशींवर बारीक केस असतात जे कफ वर ढकलतात, सीएफमध्ये ते चिखलात रुतल्यासारखे निपचित पडलेले असतात, आणि औषध घातल्यावर मायक्रोस्कोपखाली ते पुन्हा हलायला लागलेले या लोकांनी बघितले. आयुष्यभर मी तो कफ हातांनी काढायचा प्रयत्न करत आले, त्यामुळे त्या पेशींचा व्हिडिओ मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रडू आवरलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पहिलं औषध आयव्हाकाफ्टर, जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर. ते घडी नीट करत नाही, जे प्रोटीन पृष्ठभागावर पोचलेलं आहे पण ज्याचं दार उघडत नाही त्याचं दार उघडं ठेवतं. हा वेगळा बदल, जी५५१डी, जेमतेम चार-पाच टक्के पेशंटमध्ये असतो. पण त्यांच्यात एफईव्ही-वन दहा टक्क्यांनी वर गेला, आणि घामातलं मीठ सरासरीने सीएफ ठरवायच्या रेषेच्याही खाली आलं. घामावर फिजिओथेरपीचा किंवा अँटिबायोटिकचा काही परिणाम होऊ शकत नाही हो, घाम बदलला म्हणजे मूळच बदललं. मग घडीला मदत करणारी औषधं आली, त्यांना करेक्टर म्हणतात. २०१५ मध्ये लुमाकाफ्टर, २०१८ मध्ये टेझाकाफ्टर, दोन्ही आयव्हाकाफ्टरच्या जोडीने, फायदा होता पण बेताचा, आकडा तीन-चार टक्के वर. आणि मग ऑक्टोबर २०१९ मध्ये तिघांचं त्रिकूट, एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर, आयव्हाकाफ्टर. दोन करेक्टर प्रोटीनला वेगवेगळ्या जागी धरून घडी सावरतात, तिसरं दार उघडं ठेवतं. एफईव्ही-वन १४ टक्के वर. अमेरिकेत त्याला ट्रायकाफ्टा म्हणतात, आमच्याकडे काफ्ट्रिओ.

काफ्ट्रिओ इंग्लंडला आलं २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये. आमचे पेशंट महिनोन्महिने घरात कोंडलेले, आम्ही व्हिडिओवर क्लिनिक घेतोय, आणि अशात त्यांच्या घरी गोळ्यांची खोकी पोचायला लागली. सकाळी दोन केशरी गोळ्या, रात्री एक निळी, सोबत स्निग्ध काहीतरी खायचं नाहीतर अंगात शोषली जात नाही. त्या दिवसांतले फोन मला अजून ऐकू येतात. पहिल्या गोळीनंतर काही तासांत खोकल्याची अशी उबळ येते की वर्षांचा साठलेला कफ सगळा बाहेर, पेशंट त्याला पर्ज म्हणतात, एक जण घाबरून मला विचारत होता की हे नॉर्मल आहे ना, आणि मागून त्याची आई हसतही होती आणि रडतही होती. काही दिवसांनी एका पोरीने सांगितलं की सकाळी उठले आणि खोकला आलाच नाही, तर मला वाटलं काहीतरी बिघडलंय. एका आजीने सांगितलं की घर एवढं शांत कधी नव्हतं, नातू रात्री झोपलाय की नाही ते खोकल्यावरून कळायचं, आता खोलीत जाऊन बघावं लागतं.

आणि मग काही महिन्यांनी असे प्रश्न यायला लागले ज्यांची तयारी आमच्या टीममध्ये कोणाचीच नव्हती. तिशीच्या पुढचा एक पेशंट, मेकॅनिक, क्लिनिकमध्ये सगळं झाल्यावर उठता उठता म्हणाला, पेन्शनचं मी काय करू? मला आधी कळेना. तर इथे नोकरी लागली की पगारातून पेन्शनला आपोआप पैसे कापले जातात, नको असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, आणि ह्याने लिहून दिलं होतं. साठीपर्यंत आपण नाहीच, मग पैसे कशाला अडकवा, गाडीला लावू. हे त्याने काही दुःखाने केलं नव्हतं, साधा व्यवहार म्हणून केलं होतं. आता त्याला कळत नव्हतं की किती वर्षांचं गणित मांडायचं. आम्ही ह्या लोकांना अवघड बातम्या सांगायला शिकलो होतो, त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत बसायला शिकलो होतो. म्हातारपणाबद्दल त्यांच्याशी कसं बोलायचं ते नव्हतो शिकलो. कोणी कॉलेज सोडलं होतं, कोणी मूल नको असं लग्नाआधीच ठरवलं होतं, कोणी लग्नच केलं नव्हतं. नंतर इथल्या किती जणींना दिवस गेले! अमेरिकेत गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणारी मेक-अ-विश संस्था आहे, तिने जानेवारी २०२४ पासून सीएफ आहे म्हणून मूल आपोआप पात्र, हा नियम काढून टाकला. काही आईबापांना वाईट वाटलं म्हणे, साहजिक आहे, पण मी ती बातमी वाचून कितीतरी वेळ खुशीत होते.

सगळंच गोड नाहीये. कोणाला झोप लागत नाही, कोणाचं मन एकदम खचतं, लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि आधीच झालेलं फुप्फुसाचं नुकसान काही भरून निघत नाही. शिवाय ज्यांची सख्खी बहीण किंवा भाऊ ह्याच आजाराने औषधाच्या दोन-तीन वर्षं आधी गेला, त्यांना ती गोळी रोज गिळताना काय वाटत असेल. माझी एक पेशंट गेलेल्या बहिणीबद्दल म्हणाली होती, ती माझ्यापेक्षा जास्त नेमाने व्यायाम करायची. पुढे ती काही बोलली नाही आणि मलाही काही सुचलं नाही.

आणि मग ज्यांना हे औषध चालतच नाही ते. साधारण दहातला एक पेशंट असा, आणि त्यातल्या अनेकांच्या जीनमध्ये मधेच थांबा अशी खूण आलेली असते आणि प्रोटीन पूर्ण तयारच होत नाही. जे बनलंच नाही त्याची घडी काय सावरणार? त्यांच्यासाठी श्वासावाटे एमआरएनए, म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं ती सूचना पेशीला देणारा रेणू, देण्याचे प्रयोग चालू आहेत. पण हे दहा टक्के सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. एफ५०८डेल युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, त्यामुळे औषध न चालणाऱ्यांत आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या घरातली मुलं प्रमाणाने जास्त. माझ्या क्लिनिकमध्ये सावळ्या रंगाच्या आईच्या डोळ्यांत ही गोष्ट लख्ख दिसते, ती माझ्याकडे बघून हिंदीत विचारते, हमारे लिए कब आएगा दीदी. तिला मी त्या प्रयोगांची माहिती देते, खरी तेवढीच.

आता पैशाचं. ट्रायकाफ्टा आलं तेव्हा अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला ३ लाख ११ हजार डॉलर. आयुष्यभर घ्यायचं. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला की हेच औषध वर्षाला सहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात बनवता येईल. इथे इंग्लंडमध्येसुद्धा आधीच्या औषधासाठी सरकार आणि कंपनी २०१६ पासून २०१९ पर्यंत भावावरून भांडत बसले होते, आईबाप मुलांचे फोटो घेऊन पार्लमेंटसमोर उभे राहत होते, काही जणांनी अर्जेंटिनात बनणारं जेनेरिक एकत्र येऊन मागवायचं ठरवलं होतं. संशोधनाला पैसा लागतो हे मला मान्य आहे, ज्यांनी हे केलं त्यांच्यातल्या काहींना २०२५ चं लास्कर पारितोषिक, वैद्यकातलं फार मानाचं, मिळालं तेव्हा आमच्या युनिटमध्ये केक कापला. पण सुरुवातीचा पैसा पेशंटच्या घरच्यांनी जमवलेला होता, पेशी पेशंटच्या छातीतून आलेल्या होत्या. ते दोन लाख रसायनांचं चाळणं, ते दान, ती वर्षं, हे सगळं माणसांनी ठरवून केलेलं काम आहे, आणि म्हणून औषध कोणापर्यंत पोचतं हेही माणसांनीच ठरवायचं असतं, त्याला नशीब म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडे काय? भारतात सीएफ आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या सीएमसीमध्ये असे पेशंट कित्येक वर्षांपासून बघितले जातायत. पण आपल्याकडे वारंवार न्युमोनिया म्हणजे टीबी, धाप म्हणजे दमा, वजन वाढत नाही म्हणजे कुपोषण, आणि कित्येक मुलं आजाराचं नाव न कळताच जातात. त्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आपल्यात आहेच, अशा घरांत एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. आणि ऊन. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली होती तेव्हा ॲडमिट झालेल्या लहान मुलांत सीएफची बरीच निघाली, त्यावरूनच पॉल डी सँट'ॲग्नेस यांनी घामातल्या मिठाचा शोध लावला आणि १९५३ मध्ये तो छापून आला. न्यूयॉर्कच्या उन्हात जर असं होतं तर आमच्या विदर्भाच्या मे महिन्यात काय होत असेल, एवढंसं बाळ, अंगातलं मीठ घामावाटे गेलेलं, आणि कागदावर फक्त डिहायड्रेशन.

औषधाचं म्हणाल तर २०२३ च्या फेब्रुवारीत भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेनमधल्या कुटुंबांनी मिळून मागणी केली की पेटंट बाजूला ठेवून स्वस्तात औषध बनवू द्या. आपल्याकडे हे आधी झालेलं आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसातूनच बायरच्या कॅन्सरच्या औषधावर सक्तीचा परवाना (म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवायची मुभा) निघाला होता, महिन्याचे २ लाख ८० हजार होते ते हैदराबादच्या नॅटकोने ८,८०० वर आणले. म्हणजे कायदा आहे, बनवणारे आहेत.

मागे कॉलेजमधली माझी एक ज्युनिअर, आता नागपुरातच लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, तिचा फोन आला. "ताई, तीन वर्षांचा मुलगा आहे, चौथ्यांदा न्युमोनिया, टीबीचं औषध दोनदा झालंय. संडास तेलकट होते म्हणते आई. आणि एक विचित्र सांगते, पापी घेतली की खारट लागतो."

मी म्हटलं, घामाची टेस्ट कर.

"इथे होत नाही ताई."

झाली, पण त्यासाठी त्या आईला पोराला घेऊन रेल्वेने लांब जावं लागलं. घामातलं क्लोराइड ६० च्या वर असलं की सीएफ म्हणतात, त्याचं बरंच वर आलं. जीनचा रिपोर्ट यायचाय, त्यात एफ५०८डेल आहे की दुसरं काही ते कळेल. हे वाचणाऱ्यांत कोणी बालरोगतज्ज्ञ असाल तर ह्या फोनवर आल्या त्या चार गोष्टी एकत्र दिसल्यावर घामाची टेस्ट डोक्यात येऊ द्या, निदान झालं की आजसुद्धा आपल्याकडे करण्यासारखं पुष्कळ आहे.

ते करणं चालू केलंय आम्ही. एन्झाइमच्या कॅप्सूलमधले दाणे चावू न देता फळाच्या गरातून कसे द्यायचे, जेवणात तूप कमी नाही करायचं उलट वाढवायचं (हे त्याच्या आजीला एकदम पटलं), उन्हाळ्यात मीठ किती, नेब्युलायझर धुवायचा कसा, आणि हफिंग, ते एवढ्या लहान पोराला सांगून कळत नाही म्हणून आरशासमोर उभं करून वाफ काढायला लावायची, मग त्या वाफेवर बोटाने चित्र काढायचं, की परत वाफ. दर रविवारी मी व्हिडिओवर दाखवते आणि माझी ज्युनिअर तिकडे करून बघते. आता तिच्याबरोबर अजून दोघी जॉइन व्हायला लागल्यात, त्यातली एक अकोल्याची आहे, आणि तिच्याकडेही असंच एक मूल आहे, त्याची टेस्ट पुढच्या महिन्यात.